‘कुणालाच नाय’ म्हणजे शून्य: माझ्या पहिल्या कृतिसंशोधनाचे आठ महिने

गेल्या महिन्यात दोन शिक्षिकांचे फोन आले. दोघींचं मागणं एकच: "मॅडम, तुमच्या कृतिसंशोधनाची पीडीएफ पाठवता का? नमुना म्हणून पाहिजे होती." पाठवली. (कृतिसंशोधन म्हणजे शिक्षकानं आपल्याच वर्गातली एक अडचण धरायची, तिच्यावर उपाय करून बघायचा आणि काय झालं ते लिहायचं.) पण नंतर मीच ती उघडून वाचली, तर त्यात सगळं कसं सरळ रेषेत घडल्यासारखं दिसत होतं. समस्या, उद्दिष्ट, कार्यवाही, निष्कर्ष, आभार. प्रत्यक्षात दोनदा गट मोडले, एकदा चाचणीच पुढे गेली आणि एकदा मी हे सगळं सोडून द्यायच्या बेतात होते. ते पीडीएफमध्ये नाही, म्हणून इथे लिहिते. मुलांची नावं बदललेली आहेत.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली. पहिली ते चौथी, तीन शिक्षक. २०२३-२४ साली चौथी माझ्याकडे होती, पट २६. निम्मी मुलं गावातली, निम्मी तांड्यावरची. बहुतेकांचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. हे आधीच सांगते, कारण पुढे सगळं घोडं तिथेच अडलं.

जुलैच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी पत्र वाचून दाखवलं: इच्छुक शिक्षकांनी कृतिसंशोधनाचे प्रस्ताव डाएटकडे, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे, पाठवावेत. इच्छुक म्हणून कोणी हात वर करेना. मी केला. नोकरीला अकरा वर्षं झाली होती आणि डी.एड.ला केलेलं कृतिसंशोधन खरं म्हणजे मैत्रिणीच्या वहीतून उतरवलेलं होतं. ते कुठेतरी सलत होतं.

पहिला प्रस्ताव मी ३१ जुलैला पाठवला. शीर्षक होतं ‘प्राथमिक स्तरावरील विद्यार्थ्यांच्या गणितातील अडचणी व उपाय’. दहा दिवसांनी मार्गदर्शक म्हणून नेमलेल्या अधिव्याख्यात्यांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, ह्यात तर अख्ख्या महाराष्ट्राचं गणित आलं. तुम्हाला स्वतःला वर्गात नक्की कशाचा त्रास होतो?"

मी पटकन म्हणाले, "६१८ भागिले ६."

"म्हणजे?"

"पोरं उत्तर १३ लिहितात, सर. १०३ लिहीतच नाहीत."

"मग तेच लिहा की."

त्या एका वाक्यानं माझं निम्मं काम झालं. ऑगस्टमध्ये राज्यभर तिसरी ते आठवीची पायाभूत चाचणी झाली होती, तिच्या माझ्या वर्गातल्या उत्तरपत्रिका पुन्हा काढून बसले. भागाकाराची उदाहरणं सोडवलेली होती, पण जिथे भागाकारात मधे शून्य यायला हवं तिथे बहुतेकांनी सरळ पुढचा अंक खाली ओढला होता. दुसऱ्या प्रस्तावाचं शीर्षक असं झालं: ‘इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांच्या भागाकारातील चुका दूर करण्यासाठी सहकारी अध्ययन तंत्राचा वापर: एक अभ्यास’. लांबलचक आहे, पण कोण, काय, कशानं हे तिन्ही त्यात येतं. शीर्षकात ‘अडचणी’ हा शब्द आला की समजा, प्रस्ताव परत येणार.

सहकारी अध्ययन, म्हणजे मुलांनी छोट्या गटांत एकमेकांकडून शिकणं, हेच का? खरं कारण फारसं शास्त्रीय नाही. मी फळ्यावर भागाकार निदान वीस वेळा समजावला होता आणि दर वेळी पहिले पाढे पंचावन्न. पण एकदा मधल्या सुट्टीत तांड्यावरच्या दोन मुली त्यांच्या गोरमाटी बोलीत एकमेकींना गोट्यांच्या वाटण्या समजावताना दिसल्या, आणि त्या वाटण्या बरोबर होत्या. माझ्याकडून जे शिकत नाहीत ते एकमेकींकडून शिकतात, हे पाहून थोडं वाईट वाटलं आणि थोडी आशाही.

प्रस्ताव चार पानी असतो: पार्श्वभूमी, उद्दिष्टं, कृतिगृहीतकं (हे केलं तर ते सुधारेल, असे अंदाज), नमुना (ज्या मुलांवर अभ्यास करायचा ती), साधनं, कालावधी, अंदाजित खर्च. मंजुरी ८ सप्टेंबरला व्हॉट्सॲपवर आली, कागद हातात पडायला ऑक्टोबर उजाडला. कागदाची वाट पाहत बसू नका. मेसेजचा स्क्रीनशॉट मुख्याध्यापकांना दाखवला, शाळेच्या आवक नोंदवहीत तारीख टाकून घेतली आणि काम सुरू केलं. पुढे कोणीतरी ‘मंजुरीपूर्वीच सुरुवात कशी केली’ असं विचारलं, तेव्हा ती नोंद कामी आली.

१२ सप्टेंबरला पूर्वचाचणी घेतली. दहा उदाहरणं, वीस गुण. ६१८ भागिले ६ हे सातवं. २६ पैकी ७ मुलांचं बरोबर, १४ जणांनी १३ लिहिलं, पाच जणांनी जागा कोरी सोडली. उत्तरपत्रिका तपासताना नुसतं चूक-बरोबर करू नका. चूक कोणत्या पायरीवर झाली ते शेजारी पेन्सिलीनं लिहा. नंतर विश्लेषण करताना मला तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

मग गट पाडले. गुणांनुसार एक ते सव्वीस क्रम लावला आणि सापासारखी नागमोडी वाटणी केली, म्हणजे प्रत्येक गटात एक पुढचा, दोन मधले, एक मागचा. चार-चारांचे पाच गट आणि तीन-तीनांचे दोन. नावं मुलांनीच ठेवली: बोर, चिंच, सीताफळ, जांभूळ, आवळा, कवठ, करवंद. इथे माझ्या हातून एक मोठी चूक झाली. क्रमाची यादी टेबलावरच राहिली आणि मधल्या सुट्टीत ती सगळ्या वर्गानं वाचली. कोमलचा नंबर सव्विसावा होता. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. मी संध्याकाळी तांड्यावर गेले, आजीजवळ बसले, चहा घेतला. यादीचा विषय कोणीच काढला नाही. तिसऱ्या दिवशी ती आली. ती यादी घरी ठेवा, कुलपात ठेवा, मोबाइलमध्ये ठेवा, पण वर्गात नेऊ नका.

पहिले दोन आठवडे म्हणजे नव्याचे नऊ दिवस. मुलं गोल करून बसली की लांबून फार छान दिसतात. फोटोही छान येतात. जवळ जाऊन पाहिलं तर आदित्य उदाहरण सोडवतोय, दोघं त्याच्या वहीतून उतरवताहेत आणि चौथी खिडकीतून बाहेरचं लिंबाचं झाड बघतेय. आवाज एवढा की शेजारच्या वर्गातल्या गुरुजींनी दारात येऊन विचारलं, "मॅडम, ऑफ तास आहे का?" शिवाय मुलं मुलींजवळ बसेनात, गावातली पोरं तांड्यावरच्या मुलांपासून वीतभर अंतर ठेवून. जागा बदलली होती, बाकी वर्ग होता तसाच होता.

मार्गदर्शक सरांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांची मांडणी वाचायला दिली. नुसत्या गटकामाला ते सहकारी अध्ययन म्हणत नाहीत. एकाचं यश दुसऱ्यावर अवलंबून असलं पाहिजे आणि तरीही प्रत्येकाला आपापलं उत्तर द्यावं लागलं पाहिजे, या दोन गोष्टींवर त्यांचा सगळा भर. समोरासमोर बोलणं, एकत्र काम करण्याची कौशल्यं आणि काम संपल्यावर ‘आपलं कसं झालं’ हे गटानं तपासणं या आणखी तीन. वाचताना कळलं की माझ्या गटांत पाचांपैकी एकच गोष्ट होती: समोरासमोर बसणं.

गणपती गेल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस, मी नव्यानं सुरुवात केली. फक्त दोन बदल केले. पहिला: गटातल्या प्रत्येकाला १ ते ४ नंबर, आणि दर दिवशी कामं फिरती. एकानं उदाहरण वाचायचं, एकानं नोटा मांडायच्या, एकानं लिहायचं, एकानं तपासायचं. तिघांच्या गटात वाचणाराच तपासायचा. दुसरा बदल म्हणजे डबा. कोंबड्याचं चित्र असलेल्या बिस्किटाच्या जुन्या डब्यात १ ते ४ च्या चिठ्ठ्या टाकल्या. गटचर्चा संपली की मी चिठ्ठी काढणार. तीन आला तर सगळ्या गटांतल्या तीन नंबरवाल्यांनी उभं राहायचं आणि उत्तर नाही, तर ते कसं आलं ते सांगायचं. तिघांच्या गटात चार नंबर आला तर गटानं ठरवायचं. हे तंत्र अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ स्पेन्सर केगन यांच्या नावानं ओळखलं जातं. आमच्या वर्गात त्याचं नाव ‘डबा’.

डब्यानं वर्गाचा नूर पालटला. आता आदित्यला एकट्यानं सोडवून भागेना, कारण चिठ्ठी कोमलच्या नंबरची निघाली तर ती काय सांगणार? पहिल्या आठवड्यात तो तिला उत्तर पाठ करून घेत होता. मी ‘कसं आलं’ हा प्रश्न धरून बसले, तेव्हा पाठांतर बंद पडलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला एक तास मला जसाच्या तसा आठवतो. प्रत्येक गटाला खोट्या नोटा दिल्या होत्या: शंभराच्या सहा, दहाची एक, आणि एक रुपयाची आठ नाणी म्हणून आठ चिंचोके. सहा जणांत सारखी वाटणी करायची. बोर गटात चौघंच, म्हणून त्यांनी दोन दगड ठेवले आणि त्यांना ‘पाहुणे’ म्हटलं. शंभराच्या नोटा वाटून झाल्या, पाहुण्यांनाही एकेक. मग दहाची नोट घेऊन कोमल थांबली. तिची त्या दिवशी मांडायची पाळी होती.

"एकच हाय. कुणाला द्यावी?"

आदित्य म्हणाला, "कुणालाच नाय. सोड ती, पुढं चल."

"आन् ह्यो रकाना? रिकामा ठिवायचा?" लिहिणारी अर्चना पेन्सिल धरून बसली होती. तिनं शतकाच्या घरात १ लिहिला होता, दशकाच्या घरावर पेन्सिल टेकवून ठेवलेली.

कोमल जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "कुणालाच नाय, आसं लिव की तिथं."

"आसं कसं लिहू? अंक पायजे."

आणि मग आदित्यनंच हळूच म्हटलं, "शून्य." अर्चनानं शून्य काढलं. दहाची नोट माझ्या ‘बँके’त देऊन त्यांनी दहा चिंचोके घेतले, अठरा चिंचोके सहांत वाटले, तीन-तीन आले. १०३. त्या दिवशी डब्यातून चिठ्ठी कोणाची निघाली ते मला आठवत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून अख्खा वर्ग दशकाच्या घरातल्या शून्याला ‘कुणालाच नाय’ म्हणू लागला. मी फळ्यावर भागाकार करताना मधे थांबले की मागून सव्वीस आवाज यायचे.

साधन म्हणून नोटा का, ठोकळे का नाहीत, असं एका बाईंनी विचारलं. ठोकळे होते शाळेत, चांगले आहेत. पण शंभराची नोट वाटताना आमची मुलं जेवढी दक्ष असतात तेवढी ठोकळ्यांच्या बाबतीत नसतात, बस्स.

जोडीचं काम मी तासाच्या सुरुवातीला ठेवलं: आधी एकट्यानं विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग वर्गाला सांगणं. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत. एक दिवस करण मला म्हणाला, "मॅडम, आमचा कोयता जमला." मला क्षणभर कळेना. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एक आजारी पडला की दुसऱ्याची मजुरीही बुडते. सकारात्मक परस्परावलंबन म्हणजे काय हे सरांनी मला अर्धा तास फोनवर समजावलं होतं. करणला ते घरूनच ठाऊक होतं. मुलं आपापसात हा शब्द सर्रास वापरू लागली. मी स्वतः मात्र वर्गात एकदाही तो उच्चारला नाही. जीभ वळली नाही.

याच सुमारास आदित्यचे वडील शाळेत आले. त्यांना पुढच्या वर्षीची नवोदयची परीक्षा दिसत होती. "मॅडम, माझ्या पोराचा वेळ दुसऱ्यांना शिकवण्यात का घालवता?" राग रास्त होता. मी आदित्यला बोलावलं आणि ८२४ भागिले ८ दिलं. त्यानं चुटकीसरशी १०३ काढलं. मग विचारलं, मधे शून्य का? तो ‘पहिल्यापासून तसंच असतं’ म्हणाला, मग अडखळला, मग नोटांची वाटणी हातानं दाखवत सांगू लागला. वडील काही बोलले नाहीत. पुरते पटले असं म्हणणार नाही, पण पुन्हा तक्रार घेऊन आले नाहीत. गट पाडायच्या आधीच पालकसभेत हे बोलायला हवं होतं, ते माझं चुकलं.

त्या वर्षी कारखान्यांचा गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला. ऑक्टोबरच्या शेवटापासूनच ट्रॅक्टर भरू लागले. ६ नोव्हेंबरपर्यंत माझ्या वर्गातली आठ मुलं गेली होती. काही पश्चिम महाराष्ट्रात, दोघं कर्नाटकात. करणही गेला. कोमलला आजीनं ठेवून घेतलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात पाय ठेवला तर करवंद गटात एकच मूल उरलेलं, कवठात दोघं. सात गटांची सात नावं भिंतीवर तशीच चिकटवलेली. त्या संध्याकाळी मी सरांना फोन करून म्हणाले, "माझा नमुनाच ऊसतोडीला गेला, सर. बंद करू का?" ते म्हणाले, "बंद करा किंवा जे झालं ते लिहा. दोन्ही चालेल." मला वाटलं होतं समजूत काढतील. तसं काही केलं नाही, तेच बरं झालं.

उरलेल्या अठरा जणांचे नवे गट केले: चारांचे तीन, तिघांचे दोन. करवंद आणि कवठ बंद. आमच्यासारख्या भागात काम करणाऱ्यांनी एक करावं: प्रस्तावातच कालावधी दिवाळीच्या आत संपेल असा धरावा. मी सप्टेंबर ते जानेवारी धरला होता, कारण सगळ्या नमुना पीडीएफमध्ये तसाच असतो.

डिसेंबरात एक तंत्र साफ फसलं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांचं जिगसॉ. प्रत्येकाला विषयाचा एक तुकडा द्यायचा. सारख्या तुकड्याची मुलं एकत्र येऊन त्यात तरबेज होतात आणि आपल्या मूळ गटात परत जाऊन शिकवतात. मी शाब्दिक उदाहरणांचे चार तुकडे केले: सारखी वाटणी, किती गट होतील, बाकी उरणारी, मधे शून्य येणारी. पहिला दिवस झकास. दुसऱ्या दिवशी सीताफळ गटातला ‘बाकी’चा तज्ज्ञ कापूस वेचायला गेला आणि त्या गटाला ‘बाकी’ कोणी शिकवलीच नाही. शिवाय गणितात एक तुकडा दुसऱ्यावर उभा असतो. सारखी वाटणी न कळता मधलं शून्य कसं शिकवणार? हजेरीचा भरवसा नसेल तर एक तुकडा दोघांना द्या, किंवा हे तंत्र परिसर अभ्यासासाठी राखून ठेवा. पुढे वाचलं की ॲरन्सननी हे १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात सुरू केलं ते गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांमधलं वैर निवावं म्हणून, गणितासाठी नव्हे. त्या अर्थानं पाहिलं तर माझंही पूर्ण वाया गेलं नाही. ‘बाकी’च्या तज्ज्ञांच्या टोळक्यात गावातली दोन आणि तांड्यावरची दोन मुलं दोन दिवस खांद्याला खांदा लावून बसली होती. वीतभर अंतर कधी मिटलं ते मी मुद्दाम टिपलं नाही, अहवालात त्याला रकानाही नव्हता.

जानेवारीत रॉबर्ट स्लाव्हिन या अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञांच्या पद्धतीवरून शनिवारच्या चाचण्या सुरू केल्या. गटात तयारी करायची, चाचणी मात्र एकट्यानं द्यायची, आणि गटाला गुण मिळतात ते प्रत्येकजण स्वतःच्या मागच्या गुणांपेक्षा किती पुढे गेला त्यावर. मी ते सोपं केलं: मागच्याइतकेच पडले तर १, एक-दोननं वाढले तर २, त्याहून जास्त वाढले किंवा पैकीच्या पैकी पडले तर ३, घसरले तर शून्य. कोमल ३ वरून ६ वर गेली तेव्हा तिनं गटाला आदित्यएवढेच तीन गुण मिळवून दिले. तिनं ते दोनदा मोजून घेतले.

पण पहिल्याच शनिवारी जांभूळ गटातला एक मुलगा घसरला आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडले, "तुझ्यामुळं गेलं आपलं." तो रडला. पुढच्या आठवड्यापासून मी शून्य काढून टाकलं, घसरलेल्यालाही १, आणि गटांचे गुण फळ्यावर लिहिणं बंद केलं. त्या वर्षीपासून बालभारतीची पुस्तकं चार भागांत, मधे कोरी पानं घेऊन आली होती. प्रत्येकानं आपले गुण त्या कोऱ्या पानावर लिहायचे, पासबुकासारखे. मूळ पद्धतीत हा बदल बसतो का, हे प्रश्न विचारणाऱ्यांनी विचारलं. माझ्या वर्गात बसला.

उत्तरचाचणी २४ जानेवारीला ठरवली होती. २३ तारखेपासून राज्य मागासवर्ग आयोगाचं मराठा आणि खुल्या प्रवर्गाचं सर्वेक्षण लागलं आणि आम्ही तिघंही प्रगणक. सकाळी शाळा, मग मोबाइल घेऊन घरोघर. सर्वेक्षणाची मुदत वाढून २ फेब्रुवारीपर्यंत गेली. चाचणी अखेर ७ फेब्रुवारीला झाली. वेळापत्रकात शेवटी निदान पंधरा दिवस मोकळे ठेवाच. ते कोणत्या कामात जातील हे जूनमध्ये कोणालाच सांगता येत नाही.

६१८ च्या जागी या वेळी ८१६ भागिले ८ होतं. १८ पैकी १३ जणांचं बरोबर आलं. याच १८ जणांपैकी सप्टेंबरात ६ जणांचं बरोबर होतं. वर्गाची सरासरी वीसपैकी आठाच्या आसपास होती ती तेरावर गेली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण पाच महिन्यांत मुलं तशीही मोठी होतात, भागाकाराचा सराव तसाही होतोच, आणि आमच्या शाळेत चौथीचा दुसरा वर्ग नाही की ज्याच्याशी तुलना करावी. यातलं डब्यामुळे किती आणि नुसत्या सरावामुळे किती, हे मी कोणत्याही आकड्यानं वेगळं काढू शकत नाही. तसंच लिहिलं.

एका अनुभवी सहकाऱ्यानं प्रेमानं सल्ला दिला, "गेलेल्या आठ जणांचेही गुण भरून टाका, कोण बघतंय? २६ चा तक्ता भरगच्च दिसतो." एक रात्र तो मोह झाला. मग तक्त्यात आठ नावांपुढे ‘स्थलांतरित’ असं लिहिलं. तो शब्द टाईप करणाऱ्यानं तीनदा चुकवला.

अहवालाची मुदत २९ फेब्रुवारी. मला संगणकावर मराठी टाईप करायला वेळ लागतो म्हणून तालुक्याच्या ठिकाणी दिलं: ६२ पानं, पानाला २५ रुपये, १,५५० झाले. तीन प्रतींच्या झेरॉक्सचे ३७२, रंगीत फोटोंचे २४०, बाइंडिंगचे १८०. वर्गातल्या साहित्याला कार्डशीट, स्केचपेन, नोटा छापून घेणं धरून ३१० गेले होते. एकूण २,६५२ रुपये, सगळे पदरचे. बाइंडिंगच्या आधी एकदा पानं मोजा. माझ्या एका प्रतीत परिशिष्ट दोनदा आणि निष्कर्ष गायब होते.

शेवटच्या दिवशी दुपारी दोनला कार्यालयात पोचले तर टेबलावरच्या साहेबांनी प्रत उलटीसुलटी केली. "केंद्रप्रमुखांची सही कुठंय? मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र जोडलंय, पण त्याला जावक क्रमांक नाही." केंद्रप्रमुख दुसऱ्या गावी बैठकीत होते. दुचाकीवर अठरा किलोमीटर जाऊन बैठकीच्या दारात सही घेतली, मुख्याध्यापकांना फोन करून जावक क्रमांक विचारला, परत आले तेव्हा पावणेपाच वाजले होते. पोच म्हणून माझ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मागून घेतला. तो आपणहून देत नाहीत, मागावा लागतो.

१४ मार्चला सादरीकरण झालं. दहा मिनिटं सांगितली होती, सहा मिळाली. मी तयार केलेल्या बावीस स्लाइडपैकी पाचच दाखवल्या आणि बाकी वेळ दहाच्या नोटेची गोष्ट सांगितली. ‘नियंत्रित गट का नाही’, म्हणजे तुलनेसाठी दुसरा वर्ग का नाही, हा प्रश्न आलाच. एका परीक्षक बाईंनी मात्र ‘स्थलांतरित’ या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "ही मुलं परत आली का?" तोवर नव्हती आली. प्रमाणपत्र मेमध्ये आलं, त्यावर माझ्या आडनावात वेलांटी चुकली आहे. दुरुस्तीसाठी अर्ज करायचा राहिलाय.

करण पाडव्याच्या आदल्या दिवशी शाळेत आला. उन्हानं रापलेला, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे. त्याचा करवंद गट केव्हाच मोडला होता, तर चिंचवाल्यांनी त्याला ओढून घेतलं. कोमल आता त्याच गटात होती. मी ४१२ भागिले ४ दिलं. त्यानं १ लिहिला, मग थोडी जागा सोडून थांबला.

"मधी काय तरी व्हतं ना?"

कोणी उत्तर सांगितलं नाही. तो त्यांचा नियमच होता. कोमलनं दहाची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली. "दे बरं आमाला चौघांत वाटून."

करणनं नोटेकडे पाहिलं, चौघांकडे पाहिलं आणि नोट सरळ खिशात घातली.

"कुणालाच नाय," म्हणाला, आणि शून्य लिहिलं.

एप्रिलअखेर साहित्याची पेटी कपाटात ठेवताना नोटा मोजल्या. दहाची एक कमी भरली.